साळवेबाईंनी पाहिलेल्या खुर्च्या

आमच्या दिवाणखान्यात एक शिसवी सोफा आहे. वळणदार पाय, पाठीवर कोरलेली द्राक्षं, वर मरून मखमल. येणारा प्रत्येक जण त्याचं तोंडभरून कौतुक करतो आणि जाऊन समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. मीही तेच करतो. हा सोफा मी स्वतः निवडला, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः नगरला आणला, आणि त्याच्यावर चहा संपेपर्यंत टिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. साळवेबाई एकदा बसल्या होत्या. लगेच उठून म्हणाल्या, "सुधीरराव, हा सोफा ज्यानं करून घेतला त्याच्याकडे नको असलेली माणसं फार येत असणार."

साळवेबाई म्हणजे आमच्या शेजारीण. सावेडीत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. साळवेसर आधीच गेलेले, मुलगा आनंद पुण्यात, त्यामुळे घरात एकट्याच. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चर्चला जायचं असो की भाजीला, खांद्यावर तीच खाकी पिशवी. आता बाई नाहीत, पण आमच्या गल्लीतली माणसं अजून ताठ चालतात ती त्यांच्यामुळे. समोरून वाकून चालणारा कुणी दिसला की बाई थांबून एवढंच म्हणायच्या, "पाठ." नमस्कार नाही, चमत्कार नाही. रिक्षावाले, पेपरवाले, आमच्या हाउसिंग सोसायटीचे चेअरमन, सगळे झटक्यात सरळ व्हायचे. मला तर फोनवरसुद्धा म्हणाल्या होत्या. मी खरंच वाकून बसलो होतो.

आमची खरी ओळख झाली ती त्या सोफ्यापायी. नवीन घर बांधल्यावर मला जुन्या फर्निचरचा नाद लागला. आमच्या मागच्या पिढीत सतरंजी सोडून बसायचं साधन नव्हतं, त्यामुळे मला अचानक खानदानी व्हायची घाई झाली होती. दिवसभर मोबाईलवर जुन्या सोफ्यांचे फोटो बघायचे आणि संध्याकाळी मंजूला, म्हणजे बायकोला, 'व्हिक्टोरियन' म्हणजे काय ते समजावून सांगायचं. ती कणीक मळत ऐकून घ्यायची. असाच एक फोटो बघून मी पुण्याच्या एका विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, हा सोफा तुमच्याच नगरच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाचा आहे. मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करतो. मेलेली म्हैस खरंच मेली का, जळालेलं दुकान आपण होऊन जळालं का, हे शोधून काढायचा मला पगार मिळतो. आणि त्या माणसाचं मी सगळं खरं मानलं.

टेम्पो आला तेव्हा अर्धी गल्ली जमली. मी गोऱ्या साहेबाची गोष्ट सांगत होतो, तेवढ्यात साळवेबाई पिशवी घेऊन आल्या.

"उलटा करा," म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितल्यावर कोण ऐकत नाही? हमालांनी सोफा उलटा केला. खाली नवंकोरं प्लायवूड, त्यावर चकचकीत स्टेपलच्या पिना, आणि फटीतून दिसणाऱ्या फोमवर कारखान्याचा शिक्का. बाईंनी चष्मा लावून शिक्का वाचला, चष्मा काढला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचा साहेब अगदी अलीकडेच विलायतेला परत गेलेला दिसतो." चारचौघांत बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मंजूला मात्र ऐकू गेलं.

त्यानंतर मी ठरवलं की बाईंना बसवल्याशिवाय घरात काही आणायचं नाही. भीतभीत विचारलं, तर बाई लगेच तयार. इतक्या लगेच, की माझी सोबत त्यांना आवडते असा माझा समज झाला. मग दर रविवारी, चर्च सुटलं की आम्ही माझ्या गाडीतून जुनी खुर्ची बघायला निघायचो. वाटेत पेरू घ्यायचा, बाईंच्या पिशवीतल्या मिठाच्या डबीतलं मीठ लावून खायचा आणि बिया कुठे थुंकायच्या नाहीत यावर व्याख्यान ऐकायचं.

माझी खुर्ची बघायची पद्धत अशी: लांब उभं राहायचं, मान तिरकी करायची, एक डोळा मिटायचा आणि "पॉलिश ओरिजिनल आहे" असं म्हणायचं. बाई सरळ जाऊन बसायच्या. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर, डोळे बंद. बराच वेळ तशाच. आणि मग हातांना काम न देता उठायचा प्रयत्न करायच्या. जमलं नाही तर हात टेकून. उठल्या की निकाल. "खोल आहे." "बसकी आहे." "हाताला घसरते." "गादी माणसाला गिळते." कोरीवकाम, लाकूड, काळ, कशाबद्दल एक शब्द नाही. बाईंचे सगळे शेरे उठण्याबद्दल असतात हे मला दिसत होतं, पण त्याचं कारण काय असेल, हे माझ्यातल्या तपासनिसाला कधी विचारावंसं वाटलं नाही.

राहुरीकडे एका वस्तीवर गेलो होतो. नवा बंगला बांधला म्हणून ते लोक जुनं सामान काढत होते. घरातले तात्या बाजेवर बसलेले, आणि बाई ओसरीतल्या एका जुन्या गादीच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या. इतका वेळ गेला की तात्या घाबरले.

"बाईंना बरं वाटंना का? पानी देऊ का?"

बाईंनी डोळे उघडले. खुर्चीच्या डाव्या हातावरचं कापड पार विरलं होतं, त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "तात्या, इथे कुणीतरी फार विचार करणारं माणूस बसायचं. डोकं कायम डावीकडे टेकवून."

"न्हाई ओ बाई," तात्या म्हणाले, "ती मांजराची हाय. आमी कोन बसतोय तिच्यात, लई बोचती."

मला हसू आवरेना. बाई शांतपणे उठल्या, साडीला चिकटलेले केस झटकले आणि म्हणाल्या, "मांजर विचार करत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?" गाडीत मात्र नगर येईपर्यंत त्या स्वतःशीच हसत होत्या.

नाताळात बाईंकडून आमच्याकडे करंज्या आणि शेव आली होती. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून संक्रांतीला मंजूनं त्यात तिळाच्या वड्या घातल्या आणि मला पिटाळलं. दिवेलागणीची वेळ, बाईंचं दार नुसतं लोटलेलं, आत अंधार. बाई सोफ्यावर बसल्या होत्या. हा सोफा आनंदनं आईला पाठवलेला, करड्या रंगाचा, भिंतभर लांब आणि मऊ. एवढा मऊ की बसलं की गुडघे छातीशी यायचे.

"या, बसा," बाई म्हणाल्या. "दिवा लावा जरा. काय म्हणतं तुमचं ऑफिस?"

आजवर माझ्या ऑफिसची चौकशी कुणी केली नव्हती. मंजू तर विषय निघाला की उठून जाते. मी सोफ्यात शिरलो आणि सुरू झालो. श्रीरामपूरच्या एका म्हशीची केस होती, ती पहिल्यापासून सांगितली. म्हशीच्या कानातला बिल्ला, डॉक्टरांचा दाखला, मालकाची उलटतपासणी. बाई मन लावून ऐकत होत्या. "मग?" म्हणत होत्या. मला वाटलं, इतक्या वर्षांत भेटलं खरं कुणीतरी जाणकार. मी दुसरी केस काढणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सुधीरराव, तुमची म्हैस झाली असेल तर मला जरा हात द्या. दुपारपासून मला इथून उठता आलेलं नाही."

मी हात दिला. पण मीही त्याच सोफ्यात रुतलेलो, त्यामुळे आधी मला स्वतःला उठायला दोन झटके लागले. बाई उभ्या राहिल्या, भिंत धरून आत जाऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसल्या. तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं. गुडघे गेले होते. ऑपरेशनला डॉक्टर हृदयामुळे तयार नव्हते. चालता येत होतं, उभं राहता येत होतं, फक्त बसल्यावर उठता येत नव्हतं. आणि आनंदनं बजावून ठेवलं होतं: ज्या दिवशी तुला एकटीला उठता येणार नाही, त्या दिवशी मी तुला पुण्याला घेऊन जाणार.

"त्याची चूक नाही हो," बाई म्हणाल्या. "मीच त्याला जबाबदारीनं वागायला शिकवलं. पण मला नाही जायचं. इथे मी बाजारात गेले तर भाजीवाली उठून उभी राहते, बाई म्हणून. माझी विद्यार्थिनी आहे ती. बँकेत माझी विद्यार्थिनी, दवाखान्यात माझी विद्यार्थिनी. पुण्यात अकराव्या मजल्यावर मी कोण? लिफ्टवालासुद्धा आजी म्हणतो." मग म्हणाल्या, "मला भीती वाटते, सुधीरराव. त्याला सांगू नका."

मी शब्द दिला. घरी येताना लक्षात आलं की इतके रविवार खुर्ची मी शोधत नव्हतो. मी गाडी चालवत होतो.

मग शोध मनापासून सुरू झाला. श्रीगोंद्याला एक म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करत होते. बाहेरच्या खोलीत पेशंटांची बाकं, आणि कोपऱ्यात एक खुर्ची. अशी कुरूप खुर्ची मी जन्मात पाहिली नव्हती. चौकोनी, उंच, पाठ सरळसोट, तपकिरी रेक्झिन जागोजागी फाटून आतला काथ्या आणि घोड्याचे केस बाहेर आलेले, आणि दोन्ही हात पुढे काढलेले, बैलगाडीच्या जुवासारखे जाड. मी बाईंना तिथून काढायला बघत होतो, कारण आतल्या खोलीत मला एक मखमली दोन माणसांचा कोच दिसला होता. वळलो तर बाई खुर्चीत बसलेल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. हात न लावता. शाळेतली मुलगी दोरीवरच्या उड्या मारते तशा त्या उठाबशा काढत होत्या आणि हसत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "माझ्या वडिलांनी करून घेतली ती. गुडघ्याचे पेशंट ओढून ओढून त्यांची कंबर गेली. सुताराला समोर बसवून सांगितलं, माणूस आपला आपण उठला पाहिजे अशी कर."

बाईंनी मला जवळ बोलावलं. "बसा." मी बसलो. गादी टणक होती, पण बोचत नव्हती, पाठ आपोआप सरळ झाली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "कोरीवकाम नाही, माहीत आहे मला."

खुर्ची दुरुस्तीला दिली तेव्हा बाई कारागिराजवळ ठाण मांडून बसल्या. आतल्या स्प्रिंगा, काथ्या, केस, काही काढायचं नाही, फोमचा तुकडा घालायचा नाही, फक्त पट्टे घट्ट करायचे आणि वरचं कापड बदलायचं. मी मखमल सुचवली, अर्थात. मंजूनं फुलाफुलांचं सुचवलं. बाईंनी पिशवीतून निळ्या चौकड्याचा सुती कापडाचा गठ्ठा काढला, शाळेच्या युनिफॉर्मचा. "मुली हे कापड वर्षभर लाकडी बाकावर घासतात," म्हणाल्या. "तरी वर्षाअखेर धाकट्या बहिणीला जातं." खुर्ची तयार झाली तेव्हा ती बेंचवर उभी केलेली मोठी ढब्बू मुलगी दिसत होती. बाईंना ती फार आवडली.

आनंद येणार म्हणून कळलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. बरोबर सून स्मिता आणि स्मिताचे वडील वाघमारेसाहेब. रेल्वेतून निवृत्त झालेले, सोलापूरचे, भारदस्त गृहस्थ. व्याही पहिल्यांदा मुक्कामी पुण्यात आलेले, म्हणून त्यांना घेऊन विहीणबाईंची भेट. बाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "आनंद आईला बघायला येतोय, म्हणजे तपासायला. मी खुर्चीत असेन. त्याच्यासमोर उठेन, चहा आणेन, पुन्हा बसेन. बस्स. मग त्याला बोलायला जागा राहणार नाही."

गाडीचा आवाज आला. बाई खुर्चीतून उठून दाराशी गेल्या, आनंद अजून बाहेर गाडी लावत होता. पहिले आत आले ते वाघमारेसाहेब. आणि बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "या, या. बसा ना, इथे बसा." हात खुर्चीकडे. पाहुणा आला की घरातली बरी खुर्ची त्याची, त्यातून व्याही, विचार करायला वेळ कुठला? वाघमारेसाहेब खुर्चीत बसले, हात चोळून म्हणाले, "वा, पूर्वीचं काम आहे." आनंद, स्मिता, मंजू, मी, सगळे करड्या सोफ्यावर ओळीनं. राहिलेली एकच जागा, माझ्या शेजारची, सगळ्यात मऊ टोक.

बाई उभ्या राहिल्या.

पाणी आणलं. पोहे आणले. चहा आणला. चिवडा आणायला पुन्हा आत गेल्या. मग दाराच्या चौकटीला टेकून, पदर सावरत, गप्पांत भाग घेत उभ्या. कुणालाही काही वाटलं नाही. आपल्या घरात बाई उभी असली तर कोण बघतं? मी तर चांगुलपणाच्या भरात सरकून जागा केली आणि गादीवर थाप मारत म्हणालो, "बाई, बसा ना इथे." बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं 'पाठ' म्हणतायत. मी सरळ बसलो. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, "अहो, बसा की." मंजूनं मला कोपर मारलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंच्या कपाळावर घाम होता. चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. वाघमारेसाहेब सोलापूर स्टेशनच्या एका जुन्या अपघाताची हकिकत सांगत होते आणि ती संपायची चिन्हं नव्हती. उठून काहीतरी करावं असं मला फार वाटलं, पण मी सोफ्यात खोल होतो.

शेवटी आनंदनंच बघितलं. "आई, केव्हाची उभी आहेस. बस ना."

"बसते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला, चौकट सोडली आणि सावकाश खुर्चीपाशी आल्या.

"वाघमारेसाहेब, तुम्ही उठा. ती खुर्ची माझी आहे."

अपघाताची गोष्ट मध्येच थांबली. स्मिताचा चेहरा लाल झाला, आनंद "आई" एवढंच म्हणाला. वाघमारेसाहेब बिचारे "हो हो, अवश्य" म्हणत गडबडीनं उठले, त्यांना कळेना आपलं काय चुकलं.

"तुमचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "आजवर पाहुण्याला मी असं कधी बोलले नाही. पण मला दुसऱ्या कशातून उठता येत नाही." हे त्यांनी आनंदकडे बघून सांगितलं. जे इतके महिने लपवलं होतं ते सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर, सरळ सांगून टाकलं. मग खुर्चीत बसल्या. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर. खोलीत कुणी कप खाली ठेवत नव्हतं. आणि बाई उठल्या. हात न लावता, कुणाकडे न बघता, ताठ. पुन्हा बसल्या.

"आता बोल," आनंदला म्हणाल्या.

आनंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यानं शेजारची गादी दाबून बघितली, हात कोपरापर्यंत आत गेला. "आणि ह्याचं काय करायचं?" म्हणाला.

"सुधीररावांना विचार," बाई म्हणाल्या. "त्यांना शोभेचं सामान आवडतं."

वाघमारेसाहेब सगळ्यांत आधी हसले.

त्यानंतर बाई त्या घरात शेवटपर्यंत एकट्या राहिल्या, आणि गेल्या त्याही तिथूनच. पण मला बाई आठवतात त्या त्या संध्याकाळच्या, फाटकापाशी उभ्या. आनंदनं गाडी सुरू केली, काच खाली करून म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो आई. सोफा न्यायला टेम्पो घेऊन येतो." बाईंनी मान हलवली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात वर करून उभ्या होत्या. मग हात खाली आला आणि गुडघे थरथरायला लागले. मी पुढे होऊन हात दिला.

"हात नको," बाई म्हणाल्या. "पण लगेच घरी जाऊ नका. जरा इथेच उभे राहा माझ्याबरोबर."